पोहणं: पाचव्या वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, की विहिरीत ढकलल्यावर?

त्रिमूर्तीनगरकर

मे महिना लागला की नागपुरात दोन कामं ठरलेली. कूलरची खस बदलायची आणि पोरांना पोहण्याच्या बॅचला टाकायचं. पहिल्या कामाचा उपयोग दिसतो. दुसऱ्याचा किती होतो, याबद्दल मला शंका आहे.

बॅचमध्ये काय होतं? दांडी धरून किकिंग, मग फळी घेऊन थोडं पुढे, आणि शेवटच्या आठवड्यात पोरगं कसंबसं आडवं तलाव पार करतं. बाप व्हिडिओ काढतो आणि जून उजाडायच्या आत अख्ख्या नातेवाइकांत जाहीर होतं की आमच्या चिंटूला पोहता येतं. त्याला पोहता येत नाही. निळ्या फरशीवर, तळ दिसत असताना, चड्डीवर, शिटी वाजवणारे सर काठावर असताना तो दहा-बारा मीटर जाऊ शकतो, एवढंच.

नेदरलँड्समध्ये मुलं साधारण पाचव्या वर्षी सुरुवात करतात आणि अ, ब, क अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा देतात. त्यात अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात उतरावं लागतं आणि पाण्याखाली सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून आरपार जावं लागतं. तिकडे गावोगावी कालवे आहेत, माणूस पडतो तो कपड्यांसकटच. आपल्याकडे तरी कोण स्विमिंग कॉश्च्यूम घालून तलावात पडतं?

म्हणून माझं मत असं: सहा ते दहा या वयात शाळेनंच शिकवावं, सक्तीनं. आणि स्ट्रोकच्या आधी उताणं तरंगणं. जागतिक आरोग्य संघटनाही शालेय वयाच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा असंच सांगते. शर्यती नंतर.

काटोलचा_बाबाराव

राजेहो, एवढं काय त्याच्यात? आमाले कोनी शिकवलं नाही. पाठीले डब्बा बांदला, कंबरेले दोर, अन् मामानं देल्लं ढकलून हिरीत. दोनचार गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं, मंग हातपाय आपोआप हाललेत. चार दिवसांनी डब्बा सुटला अन् आठव्या दिवशी वरून मुटका माराले लागलो. त्या हिरीले ना उथळ बाजू, ना फरशी. पडलं की सरळ दोन पुरुष पाणी. त्याच्यात जो शिकला तो कुठंबी पोहते. तुमच्या तलावातलं पोट्टं हिरीत टाकून पाहा बरं!

संत्राबर्फी

बाबारावकाका, विहिरीत ढकलल्यावर जे वर आले ते आज इथे लिहीत आहेत. जे आले नाहीत ते कसे लिहिणार?

आणि एक विचारते, राग मानू नका. तुमच्या मामानं तुमच्या बहिणींना ढकललं होतं का? माझ्या आजोळी मळ्यात चिरेबंदी विहीर होती. मामा, मामेभाऊ, गडी, सगळे सूर मारायचे. आई आणि मावश्या काठावर धुणं धुवायच्या. आख्खं बालपण पाण्याशेजारी जाऊन चौघींपैकी एकीलाही पोहता येत नाही. विहिरीची शाळा निम्म्या गावासाठी होती.

काटोलचा_बाबाराव

बहिणीले नाही ढकललं, खरं हाय. तवाची रीत तशी होती, त्याच्यावर मी काय बोलू?

पण तुमी सारे विसरून राहिले की ते हीर आता हायेच कुठं? आमचा पट्टा संत्र्याचा. बगीचे वाढले, बोअर शेकडो फूट खाली गेले अन् हिरी कोरड्या पडल्या. वरुड-मोर्शीकडं तर डार्क झोन, म्हंजे जमिनीतलं पाणी लई उपसलेला पट्टा, लागून वर्षं झाली. माह्या नातवाले पोहाले हीरही नाही अन् तलावही नाही. सक्ती करा म्हन्ता, तर सांगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत उन्हाळ्यात पियाचं पाणी टँकरनं येते, तिथं पोहाचा तलाव कोन बांदन? तुमची सक्ती त्रिमूर्तीनगरातच राहीन.

साडेतीन_फूट

सगळे लहान मुलांवरच अडलेत, म्हणून लिहिते. मी चाळिशी उलटल्यावर शिकले. बाई, नोकरी, गुडघे कुरकुरणारे.

लहान मुलाला पाण्याची भीती नसते असं नाही, पण त्याची भीती पातळ असते. आपली घट्ट झालेली असते. सुरुवातीचे दिवस मी दांडी सोडलीच नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी एक शहाणपणा केला, हात मारायला शिकवलंच नाही. फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, बुडबुडे काढायचे. मोठ्या माणसाची गडबड श्वास घेण्यात नसते, सोडण्यात असते. आपण छाती भरून घेतो आणि ती दाबून धरतो, मग डोकं वर काढल्यावर आत जागाच नसते. सोडणं जमलं की मान सैल पडते, मान सैल पडली की पाय वर येतात. फळी सोडून कानात पाणी जाईपर्यंत उताणी पडले आणि पाण्यानं धरून ठेवलं, तेव्हा कुठे मला कळलं की बुडायलासुद्धा थोडी मेहनत करावी लागते.

अडचण पाण्याची कमी, बाकीची जास्त. महिलांच्या बॅचची वेळ अशी असते की डबे करून निघावं तर पोहोचेपर्यंत शिटी वाजते. थंडीत पाणी इतकं गार की बॅच रिकामी, म्हणजे शिकायला मिळतो उन्हाळाच. तेव्हा मुलांची झुंबड आणि आपण त्यांच्या रांगेत.

तरी माझं मत त्रिमूर्तीनगरकरांच्या उलट आहे. आधी मोठ्यांना शिकवा. रामटेकला खिंडसी तलावावर, पेंचकडे सहलीला जाणाऱ्या घरात काठावर उभं कोण असतं? आईच ना? आणि वय झालं म्हणणाऱ्यांसाठी: मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले.

उंबरठ्यावरचा_शंकेखोर

पेटकर फौजी होते हो ताई, आपण कूलरसमोर बसून टाइप करणारे.

आता न आवडणारं सांगतो. पट्टीचा पोहणाराच बुडतो, असं म्हातारे म्हणत ते उगाच नाही. ज्याला येत नाही तो काठावर बसतो. ज्याला थोडं येतं तो मित्रांसमोर उडी मारतो. कन्हानच्या पात्रात रेती उपसून खड्डे पडलेत. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल थेट डोक्यावर. जुन्या तलावांत गाळ आणि वेली, पाय अडकला की फ्रीस्टाइल राहिली बाजूला. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन लोकांच्या घरात पाणी घुसलं तेव्हा पोहणं कुणाच्या कामी आलं? बोटीच लागल्या. मुलांना पोहण्याआधी पाण्याची भीती शिकवा, ती फुकट आहे.

त्रिमूर्तीनगरकर

भीती शिकवून पाहिली की आपण. पिढ्यान् पिढ्या तेच शिकवतोय. तरी २०२२ मध्ये देशात ३८ हजारांहून जास्त लोक बुडून मेल्याची सरकारी नोंद आहे.

घाबरलेला माणूस करतो काय ते बघा. हात वर करतो. छाती भरलेली असेल तर शरीर पाण्यापेक्षा जेमतेम हलकं असतं, म्हणजे थोडासाच भाग वर राहू शकतो. तो भाग हातांनी घेतला की तोंड पाण्याखाली जातं. ओरडायलाही जमत नाही, म्हणून बुडणं बहुतेक वेळा आवाज न करता होतं आणि चार हात लांब उभ्या असलेल्यांना वाटतं पोरगं खेळतंय. हात पाण्यात, कान पाण्यात, नाक आभाळाकडे: हे एवढं सातवीपर्यंत प्रत्येकाला यावं, एवढीच माझी मागणी. पुराचं म्हणाल तर कपड्यांसकट तरंगण्याचा मुद्दा मी त्यासाठीच काढला. बोट येईपर्यंतचा वेळ तरंगूनच काढावा लागतो.

दुसरा अर्धा धडा काठावरच्यांसाठी. एकामागे एक दोघं-तिघं बुडाल्याच्या बातम्या येतात, कारण वाचवायला जाणारा उडी मारतो आणि बुडणारा त्याच्या गळ्याला मिठी मारतो. उडी मारू नका, काहीतरी फेका. उन्हाळ्यात आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या डोक्याला दुपट्टा असतोच, तो पालथं पडून लांब करा. पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण लावून फेका. याला कुठला तलाव बांधावा लागतो, बाबारावजी? हे तुमच्या शाळेच्या पटांगणावर शिकवता येतं.

साडेतीन_फूट, मोठ्यांनी शिकावं हे मान्य. पण आधी मोठे, हे नाही. सरकारकडे एकच पैसा असेल तर मी तो चौथीच्या वर्गावर लावीन.

संत्राबर्फी

चौथीच्या आधीचं काय? जगात बुडून मरणाऱ्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या लेकरांचा आहे. ती हौद, टाकं, बादली, शेततळं यांत जातात, आणि तिथे आईची नजर, झाकण आणि कुंपण हेच लागतं.

माझ्या सोसायटीत आता सहा महिन्यांच्या बाळांना 'स्विमिंग'ला नेण्याचं खूळ आलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षानंतर शिकवलं तर फायदा होऊ शकतो, पण त्याआधीच्या वर्गांनी बुडण्याचा धोका कमी होतो याचा पुरावा नाही. फोटो मात्र छान येतात.

उंबरठ्यावरचा_शंकेखोर

दुपट्ट्याचं पटलं. सक्तीचं नाही. सक्ती झाली की तरंगण्याचेही गुण लावतील आणि त्याच्या ट्यूशन निघतील.

काटोलचा_बाबाराव

हे पटांगणाचं बरं सांगतलं. पोळ्याले बैल धुवाले पोट्टे तलावावर जातेच, दरवर्षी जिवाले घोर राह्यते. यंदा घाटावर दोर अन् दोन हवा भरलेल्या ट्यूबा ठेवा म्हणून ग्रामपंचायतीत बोलतो. सूनबाई नागपुरातच राह्यते, तिले संध्याकाळची बायांची बॅच कुठं हाय ते त्या साडेतीनफूटवाल्या ताईनं सांगावं.

पण ढकलल्याबिगर पोहणं येत नाही, हे मी काही मागं घेत नाही.