हान्स हाके यांच्यासारख्या पारदर्शक मतपेट्या: जाडी आणि मोजणी?

सुरसागर_काठ: बडोद्यात श्रावणात प्रदर्शन आहे. जर्मन कलाकार हान्स हाके यांनी १९७० साली न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात ठेवल्या होत्या तशा दोन अ‍ॅक्रिलिकच्या पेट्या करायच्या आहेत. प्रश्न असा: ‘१९४९ मध्ये बडोदा संस्थान विलीन करण्याआधी जनतेचं मत घ्यायला हवं होतं का?’ शीट किती जाड घ्यावी? चिठ्ठ्या आपोआप मोजता येतील का?

मापपट्टी: तीन फुटी पेटीला ६ मिमी घ्या, ३ मिमी पोटात फुगते. लेसरने कापलेल्या कडांवर स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रव लागू देऊ नका, केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

मोजणीसाठी फटीखाली इन्फ्रारेड किरण ठेवा, चिठ्ठीने तो अडवला की एक मत. चिठ्ठी फडफडत पडते आणि एकच मत दोनदा मोजलं जातं, म्हणून एका नोंदीनंतर ३०० मिलिसेकंद सेन्सरकडे दुर्लक्ष करायचं. किरण टिपायला ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर घेतलात तर किरण अखंड सोडू नका, तो अखंड किरण दाबून टाकतो. तुटक झटके द्या. आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा, नाहीतर वीज गेली की शून्य. कागद साधा नको, दमटपणाने मऊ पडून फटीत अडकतो. २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) कार्ड घ्या.

अभिलेख: पेटी होईल, पण प्रश्न कच्चा आहे. हाके यांनी विचारलं होतं, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायना (म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या) धोरणाचा न्यूयॉर्कचे गव्हर्नर रॉकफेलर यांनी निषेध केलेला नाही, म्हणून नोव्हेंबरात त्यांना मत देणार नाही का? रॉकफेलर त्याच संग्रहालयाचे विश्वस्त होते आणि निवडणूक तोंडावर होती. चिठ्ठ्या पडल्या होय २५,५६६, नाही ११,५६३. तुमच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याला आज काहीच पणाला लावावं लागत नाही. दालन कोणाचं, पैसा कोणाचा, तिथून प्रश्न शोधा.

शिवाय पारदर्शक पेटीत आधीचा ढीग दिसतो आणि पुढचा माणूस त्याकडे पाहूनच हात पुढे करतो. सत्तेचं वजन नेमकं तिथे दिसतं, म्हणून पेट्या झाकू नका.

मांडवी_नाका: चिठ्ठी गुजरातीतही छापा, मराठी ओळीइतक्याच मोठ्या अक्षरात. दारावर माणशी एकच द्या आणि दिलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा रोज यंत्राशी ताडून पाहा.