साधनेत प्रगती हवी तर आधी संगत की आधी एकांत?

काकडा (मूळ धागा)
सोलापुरात प्रवचन-कीर्तनाला तोटा नाही. पण भरलेल्या मांडवात 'ऐकलेलं आठवडाभर पाळलं का' असं कुणी विचारत नाही. म्हणून माझं ठाम मत: चांगल्या माणसांची लहान बैठक हवी. ६ ते ८ जण, आठवड्यातून एकदा, सव्वा तास. १० मिनिटं मौन, १५ मिनिटं ज्ञानेश्वरीच्या १५ ओव्या आळीपाळीने, अर्धा तास चर्चा. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आठवड्याची एकच गोष्ट ठरवायची. 'राग कमी करीन' असं मोघम नको. 'जेवताना घरच्यांवर आवाज चढवणार नाही' असं ठरवा, म्हणजे पाळलं की नाही हे सांगता येतं. बाराव्या अध्यायाने सुरुवात करा. २४७ ओव्या १७ बैठकांत होतात.

हातमाग
नाही पटलं. सगळ्यांसमोर कबूल केलेलं माणूस दाखवण्यापुरतं पाळतो. नाही जमलं की खोटं सांगतो, नाहीतर यायचंच बंद करतो. गळती तिथूनच लागते. आधी तीन महिने एकट्याने बसा. रोज तीच वेळ, तीच जागा, २० मिनिटं, एकच नाम, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मन पळालं की परत आणायचं, चिडायचं नाही. जोर आला म्हणून दुसऱ्याच आठवड्यात तासभर बसणारे पुढे महिनाभर बसत नाहीत. आणि यंत्रमागावर पाळी बदलणाऱ्याने तुमची ठरल्या वेळेची बैठक गाठायची कशी, ते सांगा की.

तळ्याकाठी
हातमाग, आपल्या सोलापूरच्या संताकडे, सिद्धरामेश्वरांकडेच बघा. शरण परंपरा, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्तांची परंपरा, सांगते की ते इथे तळं खोदण्यात, मंदिरं उभारण्यात गुंतले होते. 'हे मी केलं' हा भाव त्याच परंपरेतल्या अल्लमप्रभूंनी दाखवून दिला आणि त्यांना कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, नेलं. इतकं मोठं काम करणाऱ्यालाही स्वतःचा अहंकार दुसऱ्याने दाखवावा लागला. एकट्या खोलीत तो कोण दाखवणार?

हातमाग
तीच परंपरा हेही सांगते की लहान वयात ते मल्लय्याच्या, म्हणजे मल्लिकार्जुन शिवाच्या, ओढीने श्रीशैलला गेले. ओढ आधीची, अल्लमप्रभूंची भेट नंतरची. शिवाय अल्लमप्रभूंसारखं तोंडावर बोलणारं माणूस दर बैठकीत मिळत नाही. बहुतेक ठिकाणी गोड बोलणाराच 'प्रेरणादायी' ठरतो.

टाळकरी
बैठका मोडतात त्या वेगळ्याच कारणांनी. एकच जण दर वेळी अर्थ सांगतो आणि चार महिन्यांत त्याच्या पाया पडणं सुरू होतं. म्हणून बैठक चालवणारा दर महिन्याला बदला, वर्गणी गोळा करू नका. चहा शेवटी ठेवा, आधी ठेवला तर मौन होतच नाही. व्हॉट्सअॅपवर फक्त वेळ आणि जागा टाका. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत आणि लग्नसराईत दोघेच आले तरी बैठक घ्या, एकदा खंड पडला की पुन्हा जमणं अवघड. शरणांची कन्नड वचनं येणारं कुणी असेल तर महिन्यातून एकदा तीच घ्या, या शहरात ती माणसं शेजारीच असतात. आणि कुणाला झोप-जेवण सुटण्याइतकी उदासी असेल तर त्याला ओव्या ऐकवत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

काकडा
पाळल्या-न पाळल्याचं सगळ्यांसमोर नको, हे हातमाग यांचं पटलं. दोघादोघांच्या जोड्या करू, तेवढ्यातच खरं बोलता येतं. पाळीवाल्यांसाठी रविवारी सकाळी ७ ला ठेवू. तीन महिने थांबणं मात्र मान्य नाही. बहुतेकांची रोजची एकट्याची बैठक पहिल्या पंधरवड्यातच मोडते, आणि तेव्हाच सोबत लागते.

हातमाग
पंधरवड्यात मोडली तर सोळाव्या दिवशी पुन्हा बसायचं. तेही एकट्यालाच शिकावं लागतं.