वेगमर्यादेचे फलक लावूनही मृत्यू थांबत नसतील, तर रस्त्यात नेमके काय बदलावे?

प्रश्न
रस्ते अपघातांवरील चर्चा बहुधा चालकाच्या बेफिकिरीपाशी सुरू होते आणि दंड वाढवण्याच्या मागणीपाशी संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार असतात. एवढ्या मृत्यूंचे खापर केवळ बेशिस्तीवर फोडणे मला पटत नाही. रस्त्याची रचना बदलल्याने मृत्यू खरोखर कमी झाल्याची उदाहरणे आहेत का, आणि निधी तुटपुंजा असल्यास आधी कोणते काम हाती घ्यावे?

प्रतिसाद १
उदाहरणे आहेत आणि त्यांत स्वीडनचे सर्वांत बोलके आहे. तेथील संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, पण त्या चुकीपायी त्याचा जीव जाऊ नये अशी व्यवस्था करणे ही रस्ता बांधणाऱ्यांचीही जबाबदारी आहे, असे हे धोरण मानते. त्याच काळात तेथील सुमारे १३ मीटर रुंदीच्या अनेक दुपदरी महामार्गांवर तीन मार्गिका आखण्यात आल्या: एका दिशेला दोन, दुसऱ्या दिशेला एक, आणि काही अंतराने ही वाटणी उलट होते. मधोमध पोलादी दोरांचा कठडा उभारल्याने ओव्हरटेक करताना समोरच्या मार्गिकेत शिरण्याची सोयच उरली नाही आणि समोरासमोरच्या धडका जवळजवळ संपल्या. मुख्य म्हणजे यासाठी बहुतेक ठिकाणी नवी जमीन घ्यावी लागली नाही.

प्रतिसाद २
वस्तीतल्या रस्त्यांचे गणित वेगळे आहे, कारण तेथे वाहन आणि माणूस यांच्यामध्ये कठडा घालता येत नाही. वेगच उतरवावा लागतो. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ३० किलोमीटरच्या तुलनेत ५० च्या वेगाने बसणारी धडक जवळपास पावणेतीनपट ऊर्जेची असते. मात्र रुंद, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर ‘३०’ चा फलक लावून कोणीही ३० ने जात नाही. मार्गिका अरुंद करणे, वळणाची त्रिज्या कमी करणे, रस्ता ओलांडण्याचा पादचारी पट्टा पदपथाच्या उंचीला आणणे आणि रस्ता ओलांडताना मध्ये थांबता येईल असा दुभाजकाचा टप्पा ठेवणे, या उपायांनी चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. चौकातही हेच घडते. साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडण्याच्या ३२ जागा असतात, तर एकपदरी वर्तुळाकार चौकात केवळ ८, आणि त्याही कमी वेगाच्या, तिरक्या धडकेच्या. फिनलंडमधील हेलसिंकी शहरात निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. तेथे जुलै २०२५ पर्यंतच्या वर्षभरात वाहतुकीत एकही मृत्यू झाला नाही. अर्थात त्यामागे अनेक वर्षांचे काम आहे.

प्रतिसाद ३
वरील मतांशी सहमत आहे, परंतु ‘रचना’ म्हटले की अनेक ठिकाणी केवळ गतिरोधक उगवतात, हे मला धोक्याचे वाटते. रंग न दिलेला, उभ्या चढाचा आणि अंधारातला गतिरोधक दुचाकीस्वाराला पाडतो, आणि मुख्य मार्गावर तो रुग्णवाहिकेलाही अडवतो. दुसरे असे की, अपघातप्रवण ठिकाणांची यादी करून तेवढीच दुरुस्त करणे म्हणजे माणसे मरण्याची वाट पाहणे होय. आयरॅप या संस्थेच्या पद्धतीत रस्त्याला एक ते पाच तारे दिले जातात, तेही मोटारीतील प्रवासी, दुचाकीस्वार, सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी स्वतंत्रपणे. मोटारीला चार तारे आणि पादचाऱ्याला एकच, असा रस्ता त्यातून चटकन उघडा पडतो.

प्रश्नकर्ता
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. निधीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

प्रतिसाद २
शाळा, बाजार आणि बसथांबे यांच्या आसपासचे रस्ते आधी घ्यावेत. तेथे रंगाचे पट्टे आणि हलवता येणारे खांब लावून मार्गिका तात्पुरत्या अरुंद कराव्यात, आधी आणि नंतर वाहनांचा वेग मोजावा, आणि जी आखणी उपयोगी ठरेल तीच काँक्रीटमध्ये बांधावी. चुकलेला पट्टा पुसता येतो. चुकलेला दुभाजक वर्षानुवर्षे तसाच राहतो.