सिकलसेल असलेल्या मुलीचं रक्त काढताना बर्फ लावू का?

मानेवाड्याची_आई:
मुलगी सहा वर्षांची, एसएस, म्हणजे आईबाबा दोघांकडून आलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार. त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू आहे, त्यामुळे सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) होतच राहते. मागच्या वेळी दोघांनी आडवं दाबून धरलं, शीर सापडेना, मग दुसऱ्या हाताला टोचलं. आता लॅबची पाटी दिसली तरी रडते. शेजारच्या काकू म्हणतात बर्फ लाव, बधिर होते. लावू का? औषधाशिवाय दुसरं काही आहे का?

लॅबवाली_ताई (धंतोली):
ताई, बर्फ नका लावू! बाकी पोरांना चालतो, सिकलसेलवाल्यांना नाही. थंडीनं शिरा आकसतात, त्यांचं दुखणं उसळू शकते. यूट्यूबवर तो थरथरणारा, बर्फाची पट्टी असलेला खेळणा दाखवतात ना, त्याचीही पट्टी काढूनच वापरायची.

उलट हात गरम ठेवा. कोमट पाण्यात भिजवलेला रुमाल कोपराच्या आतल्या बाजूला ठेवला की शीर फुगते. आणि पाणी पाजून आणा. फक्त सीबीसी असेल तर उपाशी आणायची गरजच नाही, तरी अर्धे लोक पोट्ट्याला तहानलेलं घेऊन येतात. नागपूरच्या मे महिन्यात, उन्हातून! मग शीर कुठून सापडणार? वरून आमच्याकडं एसी. स्वेटर आणा, लोक हसले तर हसू द्या.

झोपवून दाबू नका. मांडीवर सरळ बसवा, तिची छाती तुमच्या छातीला, टोचायचा हात तुमच्या बगलेखालून बाहेर. मिठीच वाटते तिला, अन् हात हलत नाही. सुई जाताना भिंगरी फुंकायला द्या, लांब फुंक. टोचायच्या जागेच्या वर, खांद्याकडं, दंड चोळत राहा (स्पिरिट लावलेल्या जागेला हात नको). स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या निरोपाला मज्जारज्जूतच अडवतो. वेदनेवर संशोधन करणाऱ्या मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हेच मांडलं.

"काहीच दुखत नाही" असं मात्र सांगू नका. "थोडं टोचेल, तोवर तू फुंकत राहा" एवढं पुरे.

सिकल_तिशीतला:
मी स्वतः एसएस. मोठ्यांसाठी खोकल्याची युक्ती: एकदा आधी खोकायचं, दुसऱ्यांदा सुई जाताना. खोकणार आहे हे टोचणाऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर तो दचकेल. कोणता हात हे मुलीलाच ठरवू द्या. लहानपणी मला कोणी विचारलंच नाही, डॉक्टरपेक्षा तोच राग जास्त होता.

मानेवाड्याची_आई:
ताई, पण सरकारी ओपीडीत एवढी गर्दी, मांडीवर बसवू देतील का?

लॅबवाली_ताई (धंतोली):
खिडकीवर नाव लिहितानाच सांगा. हात हलत नाही म्हटलं की आमचंच काम लवकर होते, नाही कोण म्हणते! दोनदा टोचून शीर नाही सापडली तर दुसऱ्या कोणाला बोलवा म्हणा, राग येत नाही आम्हाला.