वारं गेलं म्हणून सकाळची वाट बघू नका

वर कुणीतरी लिहिलंय, 'वारं गेलंय, सकाळी नेऊ.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. वारं जाणं म्हणजे पक्षाघात; बहुतेकदा गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त तुटतं. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त मिळतं. ते २० च्या खाली आलं की पेशी गप्प होतात, म्हणजे काम थांबवतात, पण लगेच मरत नाहीत. आस्त्रुप, सिसियो आणि सायमन या संशोधकांनी १९८१ च्या लेखात याच भागाला 'पेनम्ब्रा' म्हटलं. ग्रहणातली उपच्छायाच म्हणा. वाचवायची असते ती हीच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. जतहून मिरजेचं हॉस्पिटल गाठण्यातच दीड-दोन तास जातात. आमच्या चुलत्यांचा पहिला तास तेल चोळण्यात गेला (चोळणाऱ्यांत मीही होतो). उजवा हात अजून उचलत नाही.