शेकांनंतर उरलेली पेशी: मेली, झोपली की दबा धरून बसली?

निफाडकर: वडिलांच्या घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे ३३ शेक नाशकात पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी मशीनवरचा मुलगा म्हणाला, "उरल्यासुरल्या पेशी म्हाताऱ्या झाल्या, आता वाढत नाहीत." मला पटलं. आमच्या लासलगावच्या 'कृषक' या विकिरण केंद्रात २००२ पासून किरणोत्सारी कोबाल्ट-६० कांद्याचं हेच करतोय. ६० ते ९० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) दिले की कांदा जिवंत राहतो, पण कोंब येत नाही. उशिरा नेलेला कांदा चिरा, मधला कोंब काळपट पडलेला दिसतो. थांबलं ते थांबलंच. मग तपासण्या कशाला वाढवायच्या?

पेशीवाली: दादा, कांद्यात पी-५३ हे पेशीवर पहारा ठेवणारं प्रथिन नसतं! माणसाच्या पेशीत डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम नावाचं प्रथिन जागं होतं, ते पी-५३ला उठवतं, ते पी-२१ला, आणि पी-२१ विभाजनाचा ब्रेक दाबतं. पुढे पी-१६ तो ब्रेक पक्का करतं. पण तंबाखूच्या घशातल्या गाठींत पी-५३ बहुतेकदा आधीच मोडलेलं असतं. अशी पेशी धड विभागत नाही, धड मरत नाही. डीएनए दुप्पट-चौपट करत फुगत जाते. काही आठवड्यांनी त्या राक्षसिणीतून लहान, पुन्हा विभागणाऱ्या पेशी सुटतात. प्रयोगशाळेच्या बशीत हे दिसलेलं आहे.

सातपूरचा: बशीतलं भूत पेशंटच्या उशाशी कशाला बसवता? हा ब्रेक म्हणजे शरीराचा पहारा आहे. निसटणाऱ्या पेशी विरळा, आणि थांबलेल्यांना प्रतिकारशक्ती खाऊनही टाकते.

पेशीवाली: खाते, पण सगळ्या नाही. उरलेल्या गप्पही बसत नाहीत. इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं ओकून शेजाऱ्यांना सुजवतात. म्हणूनच म्हणते, शेकांनंतर त्यांना मारणारी औषधं द्यायला हवीत.

सातपूरचा: द्या की! त्यातल्याच नॅव्हिटोक्लॅक्स या औषधाने प्लेटलेट्स धडाधड पडतात, ते कोण निस्तरणार? आणि अशा पेशी मरतील म्हणून क्वेर्सेटिनच्या गोळ्या ऑनलाइन मागवणारे आमच्या कॉलनीतच दोघं आहेत. अहो, थांबलेल्या पेशी मारायच्या २०१५च्या प्रयोगात त्याच्या जोडीला दसॅटिनिब होतं, ते रक्ताच्या कॅन्सरचं औषध. नुसतं क्वेर्सेटिन तर कांद्यातही असतं.

पेशीवाली: चाचणीत द्या म्हणतेय, वाण्याकडून नव्हे. बाकी प्लेटलेट्सचा मुद्दा मान्य.

निफाडकर: औषधांचं तुम्ही दोघं भांडा. काढणीच्या गडबडीत पुढच्या महिन्याची दुर्बीण तपासणी टाळायचं घरात ठरत होतं. आत्ताच फोन करून तारीख कायम केली. वडील अजून भाकरी ताकात कुस्करूनच खातात, तेही त्या दिवशी विचारतो.