शेवटची एसटी साडेचारची

"अभ्यासात रस नसतो म्हणून मुलं कॉलेज सोडतात" असं या विषयावरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. फी परवडत नाही हा तिथलाच दुसरा मुद्दा बरोबर आहे, पण एसटीबद्दल कुणीच बोललं नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. खेड्यातल्या मुलींना मोफत पास बारावीपर्यंतच, पुढे सवलत असली तरी पैसे मोजावेच लागतात. त्यात बीएस्सीचं प्रॅक्टिकल सुटतं पाचला आणि गावाकडची शेवटची गाडी साडेचारची!

२०२१-२२च्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात तर आमच्याकडे गाड्या महिनोन्‌महिने जवळपास बंदच होत्या. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी वडापने, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी जीपने यायची, रोजचे ६० रुपये. संक्रांतीनंतर यायची थांबली. मार्चमध्ये आली ती लग्नाची पत्रिका घेऊन. तिचं अर्धं लिहिलेलं केमिस्ट्रीचं जर्नल अजून माझ्या कपाटात आहे.